केसरबाईंची हराळी

चितेगावच्या केसरबाई साळवे यांचं उभं आयुष्य लोकांच्या रानात खुरपणी करण्यात गेलं. कपाशीतली हराळी मुळासकट निघाली नाही, की मालकाची बोलणी ठरलेली. पन्नाशीला आल्यावर त्या शहरातल्या एका क्रीडा संकुलात माळीकामाला लागल्या. पहिल्याच दिवशी प्रशिक्षक राजेंद्र सरांनी त्यांना गवताचा मोठा चौकोन दाखवला आणि म्हणाले, "हे जिवापाड जपायचं." केसरबाईंनी खाली बसून एक काडी तोडली. त्यांना हसू आवरेना.

"सर, ही तर हराळी हाय."

"सुधारित जात आहे. लॉन बोल्ससाठी मुद्दाम लावलीय."

"सुधारली असंल. पण हाय हराळीच."

लांबवरच्या छोट्या पांढऱ्या चेंडूजवळ आपला जड गोळा घरंगळत न्यायचा, असा हा खेळ. त्याला गवत सतरंजीसारखं सपाट लागतं. पण फेब्रुवारी सरता सरता ते पिवळं पडलं, मध्येमध्ये टक्कल दिसू लागलं. संकुलाच्या संघातली तनुजा रोज कुरकुर करायची, गोळा मध्येच अडखळतो म्हणून. विभागाच्या स्पर्धेला दीड महिना उरला होता. राजेंद्र सर प्लॅस्टिकचं गवत अंथरायच्या गोष्टी करू लागले.

केसरबाईंनी खुरप्यानं एक ढेकूळ उचकटून सरांसमोर धरलं. मुळं जेमतेम बोटभर होती, खाली माती दगडासारखी घट्ट.

"रोज संध्याकाळी वरवर पाणी शिंपडतो आपण. तोंडाशी आयतं मिळाल्यावर मुळी खाली कशाला जाईल? आन् लई बारीक कापतो. महिनाभर माझ्या मनानं करू द्या."

सरांनी होकार दिला. केसरबाईंनी लोखंडी सळईनं वीत-वीतभर अंतरावर भोकं पाडली. त्यात धुतलेली बारीक वाळू झाडूनं लोटली. कापायच्या मशीनचं पातं थोडं वर घेतलं. पाणी आता तिसऱ्या दिवशी, पहाटे आणि खोलवर. आठ दिवस काहीच दिसेना. त्या रोज पहाटे उकिडवं बसून टक्कल बोटांनी चाचपायच्या. दहाव्या दिवशी टकलावर हिरवे कोंब दिसले, तेव्हा त्यांनी तनुजाला हाताला धरून ओढत नेलं आणि दाखवलं.

स्पर्धेच्या आठवड्यात पातं पुन्हा हळूहळू खाली आलं, रूळ फिरला. बाहेरून आलेल्या पंचांनी गवतावर तळवा फिरवला आणि विचारलं, "कोणत्या कंपनीला काम दिलंय?"

राजेंद्र सरांनी केसरबाईंकडे बोट केलं. त्या लाजून पाण्याच्या पाइपाची गुंडाळी करत बसल्या.

तनुजाचा संघ दुसरा आला. बक्षिसं झाल्यावर तिनं केसरबाईंच्या हातात गोळा ठेवला. "मावशी, टाका की."

केसरबाईंनी चपला काढल्या, वाकून गोळा सोडला. तो नीट निघाला आणि पुढं जाऊन डावीकडं वळला.

"जमीन वाकडी नाय माझी," त्या घाईनं म्हणाल्या.

"गोळाच एका बाजूनं कमी गोल घडवलेला असतो, मावशी. तो वळणारच."

गोळा वळत वळत पांढऱ्या चेंडूपासून हातभर अंतरावर थांबला. टाळ्या पडल्या. केसरबाईंनी पदर खोचला आणि दुसरा गोळा मागितला.