मुठीच्या दोन खाचा

जवसाच्या तेलाचा वास आला की मला कोपरखैरण्याच्या आमच्या घराची गॅलरी आठवते. तिथे बसून बाबा माझ्यासाठी बांबूचं धनुष्य तासत होते. बाण टेकवायला मुठीच्या एका बाजूला खाच पुरते, पण त्यांनी दोन्ही बाजूंना केली. "मी तर उजव्या हाताची आहे, मग ही दुसरी कशाला?" मी विचारलं. "असू दे गं," म्हणत ते कानस घासत राहिले. रविवारी आम्ही तिघं खारघरच्या टेकडीखाली, माळावर गेलो. माझे बाण मारून झाल्यावर बाबांनी धनुष्य आईपुढे धरलं. "अहो, मला काय जमणार?" म्हणत तिने ते उजव्या हातात घेतलं आणि दोरी चक्क डाव्या हाताने ओढली. प्रसादाला डावा हात पुढे केला की मला दटावणारी माझी आई! "लहानपणी डावरीच होते मी, मारून मारून सोडवलं सगळ्यांनी," ती हळूच म्हणाली, "पण तुम्हाला कसं कळलं?" बाबा बाण गोळा करत म्हणाले, "घाई झाली की सुरी डाव्या हातात जाते तुझी." आज त्या धनुष्याला तेल लावताना बोट दोन्ही खाचांवरून फिरतं. तिची खाच माझ्या खाचेपेक्षा जास्त गुळगुळीत झाली आहे.