सुभाष बोलतोय, वर्कशॉपमधनं

फोन आला तेव्हा मी शोरूममध्ये एका गिऱ्हाइकाला गाडीचे रंग दाखवत होतो. ‘सुभाषराव गेले,’ आमचा मेकॅनिक रडत म्हणाला, आणि मी खुळ्यासारखं विचारलं, ‘कुठं?’... दुरुस्त झालेली गाडी चालवून बघायला तो नेहमीसारखा होटगी रस्त्याला गेला होता. छातीत कळ आली असणार. गाडी कडेला घेतलेली, हँडब्रेक ओढलेला, मागच्याला कळावं म्हणून दिवे लुकलुकत ठेवलेले. अरे, मरताना कुणी एवढी शिस्त पाळतं का? महिना उलटून गेला, मला अजून हे पटत नाही.

सुभाष मूळचा वैराग गावचा. आमच्या वर्कशॉपचा मॅनेजर, त्याआधी माझा कॉलेजातला दोस्त. सकाळी आला की ज्यांच्या गाडीची सर्व्हिसिंग जवळ आली असेल त्यांना स्वतः फोन लावायचा. बोलणं गाडीवरून सुरू व्हायचं आणि पोरीच्या लग्नावर, गुडघेदुखीवर जायचं. गिऱ्हाइकं वाढली तसं ते झेपेना, फोन राहून जायला लागले, माणसं दुसरीकडं जायला लागली. म्हणून बिलं, सुटे भाग, फोन, सगळाच कारभार एका सॉफ्टवेअरवर न्यायचं मी ठरवलं. हा भडकला. ‘मालक, माणसाला मशीननं बोलवायचं व्हय? उद्या लग्नाला पण मशीनच धाडशील!’ ‘मालक’ ही माझी टिंगल होती. रागावला की म्हणायचा.

तीन कंपन्यांची माणसं येऊन गेली. मी बिलांचं, हिशोबाचं विचारायचो. सुभाष प्रत्येकाला एकच विचारायचा, ‘फोन कुणाच्या आवाजात जानार?’ पहिल्यानं एका बाईचा गोड आवाज ऐकवला, ‘प्रिय ग्राहक...’ सुभाष ताडकन उठला. ‘प्रिय म्हनं! हिला आपल्यातलं कोन म्हाईत तरी हाय का?’ दुसरी कंपनी मोठी, मला तीच हवी होती, पण आवाज बदलायची सोय तिच्याकडं नव्हती. त्यावरून आमची अशी जुंपली की चहासुद्धा वेगवेगळा प्यायलो. तिसऱ्या कंपनीचा तरुण साधा होता. म्हणाला, ‘तुमचाच आवाज टाकू की, साहेब.’ सुभाषनं माझ्याकडं असं बघितलं की मी मुकाट्यानं हो म्हणालो. आवाज भरायला तो खोलीत बसलाच नाही. वर्कशॉपमध्ये उभा राहिला, मागं गाडी धुण्याचा पंप चालू. ‘नमस्कार, सुभाष बोलतोय, वर्कशॉपमधनं. गाडीची सर्व्हिसिंग आलीय. कामं काय, व्हतच ऱ्हातील. या की निवांत, चहा घेऊ.’

तो गेला, पण कॉम्प्युटरला कोण सांगणार? त्या गडबडीत आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. तेरावा झाला आणि टेंभुर्णीचे एक गुरुजी गाडी घेऊन हजर. ‘सुभाषराव कुटं हायती? काल फोन आल्ता, चहाला बोलवलंय.’ मी खरं ते सांगितलं, तर ते माझ्यावरच चिडले. ‘काहीतरीच काय! काल बोलले की माज्याशी.’ मग मटकन बसले. त्यानंतर रोज कुणी ना कुणी यायचं, आणि रोज मला तेच सांगावं लागायचं. प्रत्येक वेळी सुभ्या माझ्यासमोर नव्यानं मरायचा. शेवटी मी त्या सॉफ्टवेअरवाल्या तरुणाला फोन करून सांगितलं, आवाज बंद करून टाका. तो म्हणाला, संध्याकाळपर्यंत होईल.

त्याच दुपारी मंगलवहिनी आल्या, सुभाषची बायको. त्यांच्या घरची गाडी आमच्याकडंच घेतलेली, फोन नंबर त्यांचाच दिलेला. तो गेल्यापासून ती गाडी कुणी हलवली नव्हती. आज वहिनी स्वतः चालवत आल्या होत्या. सीटच्या अगदी कडेला, स्टिअरिंगला चिकटून बसलेल्या. सुभाष उंच, त्याची सीट पार मागं. ती त्यांनी पुढं घेतलीच नव्हती.

‘भावजी, यांचा फोन आला सकाळी,’ त्या म्हणाल्या. ‘ये म्हणाले निवांत.’

मी चहा मागवला. त्यांनी कप दोन्ही हातांत धरून ठेवला. मागं पंप चालू होता.

‘परत कधी येईल हो फोन?’

‘सहा महिन्यांनी,’ मी म्हणालो, आणि उठून धावत बाहेर आलो. त्या तरुणाला फोन लावला. ‘बाकीच्यांचा बंद कर बाबा... एक नंबर तेवढा राहू दे.’

मेकॅनिक वहिनींची गाडी आत घ्यायला निघाला होता. सीटला हात लावू नकोस म्हणून मी त्याच्यावर केवढ्यानं तरी ओरडलो.