सिस्टरांनी मागितलेली चिठी

आमच्या गावच्या सिस्टरांनी सुई टोचताना कुणालाही 'दुखणार नाही' असं सांगितलं नाही. लहान पोर असो की सत्तरीचा म्हातारा, त्या दंड पकडून आधी बजावायच्या, "दुखेल. खोटं कशाला सांगू?" आणि सुई आत गेलेली असायची. त्यामुळे असेल, पण पोरं त्यांच्यापुढे कमी रडायची. मीही त्यातलाच. माझ्या सगळ्या लशी त्यांच्याच हातच्या.

त्या मूळच्या भुसावळच्या, रेल्वे कॉलनीत वाढलेल्या. साक्री तालुक्यातल्या आमच्या आरोग्य उपकेंद्रावर नोकरीला आल्या आणि पुढे बदली झाली तरी धडपड करून परत इथेच आल्या. लग्न केलं नाही. खांद्याला लशीचा निळा डबा अडकवून वाड्या-वस्त्या पायी तुडवायच्या. कुणाच्या पोराचा कुठला डोस राहिला हे त्यांना वही न उघडता ठाऊक असे. पिंपळनेरच्या बाजारात भाजी घेणाऱ्या बायका त्या दिसल्या की पदर पुढे ओढायच्या, पण सुटका नसे. भर बाजारात आवाज यायचा, "तुझ्या धाकट्याचा गोवर राहिलाय, गुरुवारी ये." मेथीची जुडी तशीच हातात धरून ती बाई मान डोलवायची.

कोरोनाची लस आली तेव्हा साठीच्या वरच्यांना सिस्टरांनीच गोळा केलं. पहिल्या शिबिरानंतर दुसऱ्या दिवशी एक म्हातारबा गेले. त्यांचं हृदयाचं दुखणं जुनं होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. पण गावाने ठरवलं, लशीने गेले. पुढच्या शिबिराला शाळेच्या ओट्यावर सिस्टर एकट्या बसून राहिल्या. मग त्या पुन्हा घरोघर फिरल्या, शिव्या खाल्ल्या, एका घरातून तर अंगावर कुत्रं सोडलं. तरी लोक परत आणले. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून पुढचं सांगताना माझी पंचाईत होते.

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या खांद्यामागे चरबीची गाठ होती. जळगावच्या नोकरीतून रजा काढून मी तेव्हा गावीच होतो, मीच त्यांना धुळ्याला नेलं. जागा बधिर करून डॉक्टरांनी गाठ काढली, चार टाके घातले, तासाभरात घरी सोडलं. लशीचं मी मुद्दाम विचारलं. डॉक्टर म्हणाले, खुशाल घ्या, डाव्या दंडावर घ्या. फक्त दोन-चार दिवस जाऊ द्या, म्हणजे ताप आलाच तर तो लशीचा की जखमेचा हे कळेल. सहाव्या दिवशी गावात शिबिर लागलं. ताप नव्हता, जखम कोरडी होती. आबा धुतलेला सदरा घालून रांगेत उभे राहिले.

सिस्टरांनी पट्टी पाहिली आणि हात आखडता घेतला. डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "टाके असले तर डॉक्टरची चिठी लागते आबा. वरून नियम आहे." मला ते पटलं नव्हतं. पण ज्या बाईने मला पोलिओचा पहिला डोस पाजला तिच्याशी चारचौघांत काय वाद घालणार? मी आबांकडे पाहिलं. ते अहिराणीत म्हणाले, "जाऊ दे भाऊ, बाईना शब्द शे. आपन चिठी लई येसूत."

दुसऱ्या दिवशी चिठी आणायला दोघे मोटारसायकलवर धुळ्याला गेलो. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मे लोक खोकत होते. आबांचा मास्क नाकाखाली घसरायचा, मी वर करायचो. दोन तासांनी नंबर लागला. डॉक्टर हसले, याला चिठी कशाला म्हणाले, आणि दोन ओळी लिहून दिल्या. परत आलो तर गावातली लस संपली होती. चार दिवसांनी आबांना ताप आला. जखम भरून आली होती, तो ताप जखमेचा नव्हता. तापाच्या सोळाव्या दिवशी धुळ्यातच, कोरोनाच्या वॉर्डात, ते गेले. एका डोसने एवढ्यात काय झालं असतं, असं लोक माझी समजूत घालायचे. खरंच असेल ते. पण धुळ्याला जायचं तरी टळलं असतं.

सिस्टर भेटायला आल्या, दारातूनच परत गेल्या. नंतर कानावर यायला लागलं की, कुणाचं गळू कापलेलं असो, कुणाला टाके असोत, सिस्टर स्वतः घरी जातात, ताप बघतात, दुसऱ्या हातावर लस देतात. चिठी मागत नाहीत. लोक कौतुकाने सांगायचे. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची.

दिवाळीनंतर आईच्या बोटाला नखुरडं झालं, ते साक्रीला कापून आणलं. तिचा दुसरा डोस राहिला होता. तिसऱ्या दिवशी सिस्टर डबा घेऊन हजर. आईने बाही वर केली. मी दारात उभा होतो. विचारलं, "आज चिठी नको का?"

त्यांनी आईच्या दंडावर कापूस दाबून धरला होता. वर न बघता म्हणाल्या, "नको. तेव्हाही नको होती. तसा नियम नव्हता, मी खोटं बोलले. टाके चिघळले असते तर लोकांनी लशीचंच नाव घेतलं असतं, पुन्हा कुणी फिरकलं नसतं. मी गावाचं पाहिलं, आबांचं नाही पाहिलं."

टोचल्यावर अर्धा तास माणसाजवळ थांबायचं असतं. त्यामुळे त्यांना उठून जाता येईना. आईने बाही खाली घेतली. मग आईच म्हणाली, "बठ ना बाई, चहा ठेवस मी." पट्टी बांधलेल्या बोटाने तिने चहा केला. दोघी प्यायल्या. माझा कप तसाच राहिला.

गेल्या वर्षी सिस्टर निवृत्त होऊन भुसावळला गेल्या. निरोपाला सगळं गाव जमलं, आईही गेली. मी जळगावहून आलो नाही. कधी कधी वाटतं, त्यांनी त्या दिवशी कबूल करायला नको होतं. मी जन्मभर त्या नियमाला शिव्या घालत बसलो असतो, आणि डॉक्टरांचं म्हणणं कानांनी ऐकलेला मी त्या रांगेत गप्प का राहिलो, हे मला स्वतःला विचारावं लागलं नसतं.