जुन्या कॉम्प्युटरचं बारसं

पलूसच्या स्टँडमागं एका गृहस्थांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. थकलेल्या मशीनवर ते विंडोजऐवजी फुकटात मिळणारं लिनक्स टाकून देतात. काम सुरू करण्याआधी मशीनच्या पाठीवरून हात फिरवतात. त्यांच्या घरी मेंढरं होती, ती सवय हातात राहिली असावी.

आमचा कॉम्प्युटर वडिलांच्या वेळचा. तो चालू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा. मी भंगारात घालायला निघालो होतो, पण आई ऐकेना, म्हणून त्यांना घरी बोलावलं.

लिनक्स टाकताना मध्येच स्क्रीनवर कॉम्प्युटरचं नाव विचारतात. तिथं त्यांनी कीबोर्डवरचा हात काढला.

"काय ठेवायचं?"

"टाका काहीही," मी म्हणालो.

"आवं सर, काहीबी कसं? एकदा नाव पडलं की मानूस त्याला भंगारात घालत न्हाई."

मला घाई होती. ते मात्र मांडीवर हात ठेवून निवांत बसले. शेवटी स्वयंपाकघरातून आईच म्हणाली, "सोन्या ठेवा."

त्यांनी एका बोटानं सावकाश टाइप केलं. "झालं बारसं, मावशी. घुगऱ्या कवा?"

आईनं खरंच हरभरे भिजत घातले आणि दुसऱ्या दिवशी घुगऱ्यांचा डबा मला दुकानात पोचवायला लावला.

परवा प्रिंटर चालेना म्हणून मी त्यांना फोन केला. मी काही बोलायच्या आतच पलीकडून आवाज आला, "बोला सर, सोन्या कसा हाय?"

माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर अजून 'कॉम्प्युटरवाले' म्हणूनच आहे.