न पाहता बंद केलेली तक्रार

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या मराठी कीबोर्डबद्दल आलेली एक तक्रार मी न तपासताच ‘आमच्याकडे असं होत नाही’ अशा अर्थाचं इंग्रजी स्टेटस लावून बंद केली होती.

कीबोर्ड ओपन सोर्स. कोणीही फुकट वापरावा, जमेल त्याने दुरुस्त करावा. नोकऱ्या सांभाळून तो चालवणारे आम्ही नागपूरचे तिघं-चौघं. तक्रार साधी होती: जुन्या फोनवर जोडाक्षर टाइप केलं की आधीचा शब्द पुसला जातो. माझ्याकडे जुना फोन नव्हता, कंटाळा मात्र भरपूर होता. तक्रारी हाताळायचं खातं सगळ्यांचं एकच, त्यामुळे बंद करणारा हात कोणाचा ते दिसलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मित्राच्या हुडकेश्वरच्या गच्चीवर जमलो. तक्रारींची इंग्रजी स्टेटस काढून मराठी ठेवायची होती. नागपूरजवळच्या खाप्याहून एक ताई आल्या होत्या. त्या शिकवण्या घेतात, आणि नव्यानेच कीबोर्ड तपासायला मदत करू लागल्या होत्या.

“‘निकाली’ ठेवू,” मित्र म्हणाला.

“कोर्टात बसलो का जी आपण?” त्याची बायको चिवडा ठेवत म्हणाली. “‘झालं’ म्हना ना सरळ.”

‘झालं’ मंजूर झालं. काम सुरू असेल तर ‘करून राहिलो’ असं ठरलं, तेव्हा आम्ही इतके हसलो की शेजारच्या गच्चीवरची मंडळी ऊन खाणं सोडून आमच्याकडे बघू लागली.

मग ‘आमच्याकडे असं होत नाही’ची पाळी आली. ताई हळूच म्हणाल्या, “हे मले लागलं होतं एकदा. जोडाक्षराची तक्रार माहीच होती. वाटलं, आपल्याच बोटाची चूक असन. मराठीचे पेपर मी पुन्हा हातानं लिहू लागली.”

“भांडल्या काहून नाही जी?” मित्र उसळला. “आमच्यातलाच कोनीतरी भैताड असन!”

सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच जोरात.

“एक स्टेटस अजून हवं,” मी म्हणालो. “‘अजून पाहिलं नाही.’”

“वा गा! पयल्यांदा कामाचं बोलला!” मित्राने माझ्या पाठीत धपका घातला.

ताई म्हणाल्या, “असं लिहिलं असतं ना भाऊ, तर मी वाट पाहिली असती.” त्यांनी तिथेच आपली तक्रार पुन्हा उघडली, तिला हे नवं स्टेटस लावलं आणि पर्समधून जुना फोन काढून माझ्या हातात दिला.

दोष मीच लिहिलेल्या भागात निघाला. दुरुस्त करून फोन द्यायला खाप्याला गेलो. शिकवणी चालू होती. ताईंनी मुलांसमोर ‘स्वातंत्र्य’ टाइप केलं, पुढे आणखी एक ओळ. काहीच पुसलं गेलं नाही. पोरांनी बाक बडवले. ताईंनी हसत तक्रारीवर ‘झालं’ लावलं आणि मला आग्रहाने दोनदा पोहे वाढले. “तुमच्यासारखा मानूस पहिलेच भेटला असता तर,” त्या म्हणाल्या.

मी पोहे खाल्ले आणि बसस्टँडकडे निघालो. वाटभर आनंदात होतो, तेही खरंच.

ती तक्रार मीच बंद केली होती, हे ताईंना सांगून त्यांची माफी मागणं माझ्याकडे अजून बाकी आहे.