अप्पांचा मेन स्विच

गुरुपादप्पांना निजामोद्दीनबद्दल खरं तर फारच थोडं माहीत होतं. तो नांदेडचा, आईचं नाव बेगमबी, चहात साखर कमी. बाकी त्यांनी कधी विचारलं नाही.

लातूरच्या एका क्लासचा संगणक हॉल अप्पांच्या ताब्यात होता. पोरं तिथं परीक्षेचा सराव करत. संध्याकाळी हॉल रिकामा झाला की अप्पा मेन स्विच काढत. भूकंपात त्यांच्या घराच्या ढिगाऱ्यावर वीज असलेली तार पडली होती, ती बंद होईपर्यंत कुणाला दगड उचलता आला नाही. आत धाकटी बहीण रत्नम्मा होती. ती वाचली नाही. तेव्हापासून वीज चालू ठेवून अप्पांचा पाय कुठूनच निघत नसे.

त्या वर्षी रोज सकाळी सराव परीक्षेचा प्रोग्राम बंद पडायला लागला. हातानं पुन्हा चालू केला की चाले, पण तोवर पोरं खोळंबत. संचालक म्हणाले, "अप्पा, मेन काढणं सोडा. जमत नसेल तर चावी द्या." अप्पांना दोन्ही जमण्यासारखं नव्हतं.

मग संगणक दुरुस्त करणाऱ्या निजामोद्दीनला बोलावलं. तो म्हणाला, "रोज करता तसंच करा, अप्पा. माझ्यासाठी काही बदलू नका."

अप्पांनी सगळे मॉनिटर बंद केले आणि मेन काढला.

"अन् सर्व्हर?"

"पडदा काळा झाला की बंदच की तो."

निजामोद्दीन हसला. "मेन काढला तरी त्याच्या यूपीएसची बॅटरी संपेपर्यंत तो जागाच ऱ्हातो, अप्पा. मग धाडकन आडवा."

त्यानं बॅटरी काढून सर्व्हर पाडला, पुन्हा मेन लावला आणि पडद्यासमोर बसून राहिला. मग म्हणाला, "प्रश्न सांभाळणारा डेटाबेस असा पडला की उठल्यावर आधी सगळं तपासतो. यंदा प्रश्न लई वाढले, येळ लागतो. तुमचा प्रोग्राम तोवर एकदा दार वाजवून रुसून बसतो."

डेटाबेसकडून उत्तर येईपर्यंत प्रोग्रामनं थांबायचं, अशी सोय त्यानं करून दिली. आधी सर्व्हर नीट बंद करायचा आणि मग मेन काढायचा, हे अप्पांकडून घटवून घेतलं.

संचालक दारात उभे होते. "मेन चालू ठेवला असता तर एवढं लागलंच नसतं."

"हाव, साहेब. पण लाइट तर कवाबी जाते. मग काय कराल?"

चावी अप्पांच्याच खिशात राहिली. मेन का काढता, हे निजामोद्दीननं विचारलं नाही, अन् अप्पांनीही सांगितलं नाही. त्याचे आभारसुद्धा धड मानले नाहीत. वाटलं, येईलच की पुन्हा. पुढं तो हदगावला राहायला गेला आणि तिथंच वारल्याचं कुणीतरी सांगितलं. मेन काढताना अप्पांना अजून त्याची आठवण येते. आपली सवय मोडायला न लावता काम करून गेलेला तो एकटाच.

दुरुस्तीच्या त्या संध्याकाळी तो पिशवी उचलून निघाला, तेव्हा अप्पांचा हात स्विचवर होता.

"काढला का मेन, अप्पा?"

"थांबलोय. तुम्ही उतरा आधी, जिन्यात अंधार होईल."

"बरं, उतरून राहिलो." खाली पोचल्यावर त्यानं हाक दिली, "आता काढा."