कलेक्टरचा चेंडू

माझ्या थोरल्या आत्याइतकं हट्टी माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात झालं नाही. कुठे झालं असेल, तर ते मला मान्य नाही. सरकारी कचेरीत कारकुनी करणारी ही एकटी बाई भीमजयंतीच्या वर्गणीपासून नळाच्या वेळेपर्यंत आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत कुणाशीही भांडू शकत असे. चांदवडच्या स्टँडवर एक गावठी पिल्लू तिच्या पिशवीत शिरलं, त्याचं नाव तिने ठेवलं कलेक्टर. "जन्मभर साहेबांनी बेल मारली की उठले," ती म्हणायची, "आता कलेक्टर माझ्या शब्दावर बसतो की नाही बघ."

तो बसायचा, पण खाण्यासाठी नव्हे. बाकीचे लोक कुत्र्याला बिस्किटाचा तुकडा दाखवून शिकवत. आत्यासमोर बिस्किटाचं नाव काढायची सोय नव्हती. "भाकरी त्याच्या हक्काची आहे! भाकरीसाठी कुणाला शेपूट हलवायला लावायचं नाही. कामाचं बक्षीस म्हणजे खेळ." म्हणून सकाळी आधी त्याचं पोट भरायचं, मग शिकवणी, आणि शाबासकी म्हणून जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून शिवलेला चेंडू. हा चेंडू तिच्या पर्समध्ये राहायचा आणि कचेरीत किल्ली शोधताना साहेबांच्या टेबलावर घरंगळायचा. शेजारणीने वणीच्या यात्रेतून त्याच्यासाठी रबरी पोपट आणला, तर 'थांब' शिकेपर्यंत आत्याने तो खुंटीला टांगून ठेवला. शिकल्यावर मिळाला, आणि त्या पोपटाच्या चूंचूंने आमची दुपारची झोप कायमची गेली.

कॉलनीच्या सेक्रेटरींना मात्र गावठी कुत्रं नको होतं. "रविवारी सगळ्यांसमोर दाखवा, कुत्रं ताब्यात राहतं म्हणून. नाहीतर सोमवारी म्युनिसिपालटीची गाडी बोलावतो." आत्या त्यांच्याशी कडाकडा भांडली आणि घरी येऊन जेवली नाही. कचेरीतून येऊन दार वाजवलं की आतून उत्तर देणारं तिला ते कुत्रंच एक होतं.

रविवारी मैदानात सारी कॉलनी जमली. आत्याने 'थांब' म्हटलं आणि ती लांब जाऊन उभी राहिली. सेक्रेटरींनी खिशातून जिलबी काढून कलेक्टरच्या नाकासमोर धरली. "ये, ये! घे!" कलेक्टरची लाळ गळत होती, पण नजर आत्यावरून हलली नाही. शेवटी जिलबीचा पाक सेक्रेटरींच्याच कोपरापर्यंत ओघळला. आत्याने शाबासकीसाठी पर्समध्ये हात घातला आणि तिचा चेहरा उतरला. चेंडू सकाळीच धुऊन तिने दोरीवर वाळत घातला होता.

"त्याचं काम झालंय," ती म्हणाली, "बक्षीस बुडवणार नाही मी." तरातरा जाऊन तिने सेक्रेटरींच्या डोक्यावरची टोपी उचलली आणि भिरकावली.

"अहो बाई, माझी टोपी!"

"थांबा, आणतोय तो."

कलेक्टरने टोपी उचलून आत्याच्या हातात आणून दिली. आत्याने ती झटकून परत केली. हसून लोकांची मुरकुंडी वळली, आणि ओल्या टोपीकडे बघत सेक्रेटरी पुटपुटले, "आहे, ताब्यात आहे."

पुढे कलेक्टर म्हातारा झाला. पाय उचलेनात, 'बस' म्हणायची गरजच उरली नाही. एका संध्याकाळी गेलो तर तो पोत्यावर पडलेला, आणि आत्या चेंडू त्याच्या पंजांमध्ये ठेवत होती. मी चिडवलं, "आत्या, काम न करता बक्षीस? कुठे गेला तुझा नियम?"

"नियम माझा आहे, मी मोडीन," ती फणकारली. मग त्याच्या कानामागे खाजवत हळूच म्हणाली, "आणि काम नाही कसं? अजून माझ्यासाठी थांबलाय ना तो."